मध्ये बोलायचं नाही

माझ्या नणंदेचं वाईट व्हावं असं मला वाटतं का? वाटतं. खोटं कशाला बोलू? दर रविवारी चर्चमध्ये मी बरोब्बर तिच्या मागच्या बाकावर बसायचे, तिच्या मानेकडे बघत राहायचे, आणि डोळे मिटून जे मागायचे ते देवाने एकदा जरी मनावर घेतलं असतं तरी ती मान आज जागेवर नसती.

ग्वेंडा तिचं नाव. माझ्या नवऱ्याची, अ‍ॅलेकची, थोरली बहीण. आमच्या खोऱ्यात वरच्या अंगाला जी एवढीशी दगडी शाळा आहे, तिची मुख्याध्यापिका. दोन वर्ग, दोन बाया आणि एक पियानो, संपली शाळा. पण ग्वेंडाचा थाट असा की जणू सगळं यॉर्कशर तिच्या छडीखाली शिकून मोठं झालंय. बोलायच्या आधी घशातल्या घशात "अह्हम्" असं खोकते. ते खोकणं ऐकलं की समजायचं, आता कुणाची तरी उतरवणार आहे.

तो पियानो मी विसरायची नाही. मेले तरी विसरायची नाही.

माझी ब्रायनी तेव्हा सात वर्षांची होती. घरात बोलायची, हळू बोलायची, पण बोलायची. चार माणसं जमली की मात्र तिचा घसा मिटायचा. मुद्दाम नाही हो, खरंच मिटायचा, चेहरा पांढरा पडायचा. हे तिच्या आत्याला ठाऊक नव्हतं असं नाही. तर एके दिवशी हजेरीच्या वेळी "हजर, बाई" एवढं तिच्याकडून म्हटलं गेलं नाही. ग्वेंडा म्हणाली, "आत्या आहे म्हणून माझ्या वर्गात लाड होणार नाहीत. हजर म्हणेपर्यंत त्या पियानोशेजारी उभी राहा." सकाळभर पोर उभी राहिली. बाकीची मुलं खेळून आली, दूध पिऊन आली, ही तिथेच. मग जे व्हायचं तेच झालं, पायाखालची फरशी ओली झाली. ग्वेंडाने तिच्या हातात फडकं दिलं आणि सगळ्या वर्गासमोर तिच्याकडून ती फरशी पुसून घेतली.

मला हे कळलं कधी? नाताळच्या जेवणावर. ग्वेंडाने स्वतः सांगितलं, नाताळच्या जेवणाला आमच्याकडे सगळे घालतात तो लाल कागदी मुकुट डोक्यावर घालून, गंमत म्हणून! सासरची सगळी मंडळी हसली. अ‍ॅलेक हसला नाही, पण ताटात बघून बटाटा चिवडत बसला, आणि ते मला हसण्यापेक्षा जास्त लागलं. ब्रायनी माझ्या शेजारीच बसली होती. तिने हळूच स्वतःचा मुकुट काढला, त्याची घडी घातली आणि ताटाखाली सरकवली. त्या दिवसानंतर ती घरातही बोलेनाशी झाली.

जानेवारीत मी शाळेला कळवलं, की मुलगी येणार नाही, मी घरी शिकवते. ग्वेंडा दारात येऊन उभी राहिली. "अह्हम्. वहिनीबाई, तुम्ही शिकवणार? पोस्टात तिकिटं चिकटवता तुम्ही."

"तिकिटं सरळ तरी चिकटवते," मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं. मग दाराला टेकून ढसाढसा रडले. कारण बाई बोलून गेली ते माझ्याही मनात होतंच. मला काय येतं शिकवायला?

येत काहीच नव्हतं, म्हणून मग मी शाळाच मांडली. स्वयंपाकघरात फळा टांगला, टेबलावर घंटा ठेवली, नऊला गणित, दहाला शुद्धलेखन. आठवडा झाला नसेल, ब्रायनी टेबलाखाली गेली आणि तिथेच राहिली. फ्लॉस तिथे असायची. फ्लॉस म्हणजे आमची कुत्री, मेंढ्या राखण्यातून म्हातारपणी सुटका झालेली. तिच्या गळ्यात हात टाकून पोर दिवसभर बसायची. मी वाकून वाकून विचारायचे, "सातात चार मिळवले तर किती?" आणि फ्लॉस माझ्याकडे अशी बघायची, की बाई, जा ना आता.

रोवेना मला त्याच दिवसांत भेटली. खोऱ्याच्या टोकाला तिची मेंढ्यांची वाडी आहे. पाच पोरं, एकही शाळेत जात नाही. गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट घालूनच ती स्वयंपाकघरात शिरते, त्याबद्दल तिला कुणी बोलत नाही. ती अंडी द्यायला आली होती. फळ्याकडे बघितलं, घंटेकडे बघितलं, टेबलाखाली वाकून बघितलं, आणि म्हणाली, "अगं हेझल, पोरीला शाळेतून काढलंस आणि शाळा घरात आणलीस होय? मग बाई तीच की. फक्त स्वेटर बदललाय."

मला इतका राग आला! मी म्हटलं, "मग करू काय? ती बोलत नाही, लिहीत नाही. तिची आत्या गावभर सांगत फिरते, की मी पोरीचं वाटोळं करते."

"आधी ती घंटा मला दे. माझ्या मेंढीला बांधते."

खरंच नेली तिने. आणि चहा पिता पिता तिची रीत सांगितली. रीत कसली, साधी गोष्ट. एखादं चांगलं पुस्तक घ्यायचं, दोन-तीन पानं वाचायची, एकदाच. मग थांबायचं. मुलाने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. सांगितलं तर ऐकायचं, नाही सांगितलं तर उठून बटाटे सोलायचे. प्रश्न विचारायचे नाहीत, चूक काढायची नाही, शाबासकीसुद्धा द्यायची नाही. दुपारी बाहेर हिंडायचं, पाऊस असला तरी. "आणि मुख्य म्हणजे," रोवेना म्हणाली, "मूल सांगत असताना मध्ये बोलायचं नाही. आभाळ कोसळलं तरी. ते सांगणं तिचं आहे, तुझं नाही."

"एवढ्याने होतं?"

"माझ्या थोरलीने तीन महिने तोंड उघडलं नव्हतं. आता उघडते ते मिटत नाही, त्याचं औषध मला कुणी सांगेल तर बरं."

मी फळा काढला. रोज टेबलाशी बसून खालच्या दोघींना वाचून दाखवायचे. पाणमांजराची गोष्ट होती ती, नदी गोठते आणि ते बर्फाखालून वाट शोधतं. वाचायचे, थांबायचे. खालून चिडीचूप. उठायचे, बटाटे सोलायचे. हिवाळा असाच गेला. मी वेडी झाले असते, खरं सांगते. पण दर बुधवारी रोवेना यायची आणि म्हणायची, "वाच तू. जमीन गोठलेली दिसते, खाली चालू असतं." तेवढ्यावर मी पुढचा आठवडा काढायचे.

आणि मार्चमध्ये एका सकाळी माझ्या हातात बटाटा आणि सुरी, आणि टेबलाखालून कुजबुज आली. फ्लॉसच्या कानात ती पाणमांजराची गोष्ट सांगत होती. सगळी, ओळीने. बर्फ कसा निळा होता, त्याला नाकाने कशी ठोकर मारली, कुठे श्वास पुरला नाही. मी हलले नाही. वळलेसुद्धा नाही. वळले असते तर पोरीला उचलून गावभर नाचले असते आणि सगळं मातीत गेलं असतं. त्या बटाट्यावर टपटप पाणी पडत होतं, ते माझ्या डोळ्यांचं होतं.

दीड वर्षात पोर टेबलाखालून वर आली. सांगायला लागली ती अशी, की ऐकत राहावं. पुस्तकातलंच नव्हे, काहीही. दूधवाल्याचं आणि शेजारणीचं भांडण, चर्चमधलं प्रवचन, दोन मेंढपाळांचा सौदा. एकदा कानावर पडलं की झालं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रम न चुकवता, ज्याच्या त्याच्या आवाजात. आणि मध्ये बोलायचं नाही हा आमच्या घरचा नियमच झाला. दुधाचा टँकर चालवून दमून आलेला अ‍ॅलेकसुद्धा हातातला काटा तसाच धरून तिचं संपेपर्यंत थांबायचा.

पण वाचन हळू होतं. बियाण्यांच्या पाकिटावरची नावं वाचायची, पुस्तक उघडलं की अडखळायची. आणि सासरची माणसं, मुख्य म्हणजे ग्वेंडा, समोर आली की अजून घसा मिटायचा. ग्वेंडाने गेल्या दोन वर्षांत तिचा आवाज ऐकलेलाच नव्हता. त्यामुळे तिची खात्रीच झालेली, की पोरगी मुकी आहे आणि आई खुळी.

या मे महिन्यात कौन्सिलची एक बाई चौकशीला आली. कुणीतरी तक्रार केली होती. कुणी ते सांगत नाहीत. बाई वाईट नव्हती, पण अनोळखी. ब्रायनी पुन्हा टेबलाखाली. बाई जाताना अ‍ॅलेकला हळूच म्हणाली, "शाळेचा विचार करून बघा." झालं! त्याला कुणाचं तरी म्हणणं हवंच होतं. रात्रीचं जेवण होईपर्यंत त्याने ठरवून टाकलं, "हेझल, सप्टेंबरपासून ती शाळेत जाईल. ग्वेंडा म्हणते, ती स्वतः लक्ष घालेल."

"त्या पियानोशेजारी?"

"जुनं उकरू नकोस. मला भांडण नकोय."

याला कधीच भांडण नको असतं. म्हणून मग दुसऱ्यांनी मार खायचा. मी त्याला बोलायचं ते सगळं बोलले, पण तो आपला बूट काढत बसला. मला समोर फक्त सप्टेंबर दिसत होता आणि तो पियानो.

जूनमध्ये माझी अक्कलदाढ उपटायची होती. रोवेनाच्या घरी गोवर, अ‍ॅलेक टँकरवर. नाइलाजाने दुपारपुरती ब्रायनीला ग्वेंडाकडे सोडली. परत न्यायला गेले तेव्हा माझा अर्धा चेहरा भोपळ्यासारखा सुजलेला. ग्वेंडा दारात गोड हसली, "छान बसली हं शहाण्यासारखी. हंसांची गोष्ट वाचली आम्ही."

आम्ही नदीकाठच्या वाटेने निघालो. पहिलं फाटक ओलांडलं आणि ब्रायनी म्हणाली, "आई, सांगू?"

मी मान हलवली. तोंडात कापूस, बोलणार कशी? आणि पोरीने सांगितलं. हंसांची गोष्ट, मग फोन, मग फोनवरचं सगळं. ग्वेंडाने तिला सतरंजीवर बसवून तिच्यासमोरच मैत्रिणीशी गप्पा ठोकल्या होत्या! मुकं मूल बहिरंही असतं अशी तिची समजूत. शिकलेली बाई, तीस वर्षं मुलांना शिकवतेय, आणि एवढं कळू नये!

काय सांगितलं ते पुढे येईलच. मी मात्र तिथे वाटेत उभी राहिले आणि तोंडातला कापूस थुंकला. रक्ताची चव आली. बोलले तेही रक्ताळलेलंच बोलले.

त्या संध्याकाळी अ‍ॅलेकला सांगून पाहिलं. त्याने ऐकून घेतलं, डोकं खाजवलं, म्हणाला, "पोरीने काहीतरी जुळवलं असेल, हेझल. तिला गोष्टी फार. ग्वेंडा कडक आहे, पण असं नाही बोलायची." मी ब्रायनीला हाक मारणार होते, की ये आणि बाबाला सांग. पण तिने माझा आवाज चढलेला ऐकला होता आणि ती टेबलाखाली गेली होती. मी हाक गिळली.

दुसऱ्या दिवशी रोवेनाला म्हटलं, "रविवारी ग्वेंडा जेवायला येतेय. येताना शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष थ्वेट यांनाही आणणार आहे, म्हणजे प्रवेशाचं पक्कं होईल. मी त्या सगळ्यांसमोर ब्रायनीला सांगायला लावते. त्या बाईचं नाक कापते का नाही बघ."

रोवेना कुंपणाची तार पिळत होती. ती थांबली. "लावतेस? म्हणजे तीही सांग म्हणून उभी करणार, तूही सांग म्हणून उभी करणार. फरक काय राहिला?"

"मला सूड हवाय, रोवेना!"

"मग तुझा तू घे. पोरीचं सांगणं त्यासाठी वापरू नकोस. तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल. नाही वाटलं तर बटाटे सोल."

मी चरफडत घरी आले. पण तिला शब्द दिला होता, की मी ब्रायनीकडे बघणारसुद्धा नाही. शब्द दिला आणि लगेच पस्तावले.

रविवार उजाडला. मेंढीची तंगडी भाजली, पुदिन्याची चटणी केली, शेवटी गोड म्हणून रूबार्बचं क्रम्बल, आंबट देठांवर भुरभुरीत पीठ घालून भाजलेलं. आमच्याकडे पुडिंग आधी वाढतात, गोड नव्हे, पीठ-अंड्याचं, भट्टीत फुगवलेलं, वर गरम रस्सा ओतून. माझी पुडिंगं त्या दिवशी अशी फुगली होती, की भट्टीचं दार लागेना. ग्वेंडाने एक काट्याने टोचलं आणि म्हणाली, "अह्हम्. जरा कोरडी झालीत नाही?" तिने सगळी संपवली हे मी बघितलं.

थ्वेट साधा माणूस. वयस्क, लालबुंद गालांचा, मेंढ्यांचा मोठा कळप बाळगून असलेला. जेवणावर प्रेम. ब्रायनी माझ्या आणि अ‍ॅलेकच्या मध्ये, खाली मान घालून. टेबलाखाली तिच्या पायांवर फ्लॉस.

मांसाची ताटं उचलायच्या आधीच ग्वेंडाने विषय काढला. "थ्वेटसाहेब, तुम्हीच बघा. नऊ वर्षांची घोडी झाली. दोन वर्षं घरी आहे. ब्रायनी, उभी राहा बाळ."

ब्रायनी उभी राहिली. चेहरा पांढरा पडायला लागला होता. माझ्या हातात वाढायचा चमचा होता, तो मी असा आवळला, की दांडा वाकला. अजून वाकलेलाच आहे.

"काहीतरी वाचून दाखव. नाही? बरं, वाचू नकोस. काहीतरी सांग. काहीही. घरी म्हणे सांगायलाच शिकवतात." ग्वेंडा थ्वेटकडे बघून डोळा मिचकावून हसली. "परवा आत्याकडे आली होतीस ना, ते सांग. हंसांची गोष्ट. एक वाक्य. एक शब्द?"

ताटलीत काटा ठेवल्याचा आवाज झाला. ग्वेंडा अ‍ॅलेककडे वळली, "बघितलंस? मी काय म्हणत होते..."

मी भिंतीकडे बघत होते. शब्द दिला होता. टेबलाखाली फ्लॉसचं शेपूट फरशीवर धपधप आपटायला लागलं.

"सगळं सांगू?" ब्रायनीने विचारलं.

ग्वेंडाचं तोंड उघडंच राहिलं. पण थ्वेट समोर होता, मग काय करते! "अं... हो तर. सगळं सांग की."

मी चमचा खाली ठेवला आणि एवढंच बोलले, "आमच्याकडे एक नियम आहे. मूल सांगत असताना मध्ये बोलायचं नाही."

"वा!" थ्वेट म्हणाला. "आमच्या कमिटीलाही लावला पाहिजे."

ब्रायनीने दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले. "एका तळ्यावर सात हंस होते. त्यातल्या धाकट्याला उडता येत नव्हतं. हिवाळा आला तेव्हा सगळे दक्षिणेला निघाले आणि धाकटा काठावर राहिला. त्याने आपल्या चोचीने... मग फोन वाजला. आत्याने पुस्तक उपडं ठेवलं. फोन पॉलीनबाईंचा होता." आणि पुढे माझ्या पोरीच्या तोंडून तिच्या आत्याचा आवाज आला, त्या खोकण्यासकट. "अह्हम्. नाही गं पॉलीन, काळजी सोड. शाळा बंद होत नाही. पटावर एक मूल कमी पडत होतं ना, ते मिळालं. ब्रायनी. हो गं, तीच, मुकी. असू दे की मुकी! मोजताना बोलावं कुठे लागतं?"

"हे काय..." ग्वेंडा म्हणाली.

"मध्ये बोलायचं नाही," मी म्हटलं. अहाहा! काय गोड लागलं ते मला जिभेवर.

ब्रायनी थांबली होती, आत्याचं संपेपर्यंत, शहाण्यासारखी. मग पुढे सुरू. "अह्हम्. कौन्सिलला मीच फोन केला. नाव नाही सांगितलं. म्हटलं, आई डोक्याने जरा हललेली आहे, पोरीला कुत्रीबरोबर टेबलाखाली ठेवते. आत्या हसली. मग ती म्हणाली, थ्वेट? त्याची कसली भीती? मेंढ्या मोजता मोजता झोपलेला माणूस तो. पुढे लोणी लावलेला गरम स्कोन ठेवायचा, शेजारी कागद ठेवायचा, सही मिळते."

थ्वेटचे गाल आधीच लाल, ते जांभळे झाले. त्याने हातातला पाव ताटात ठेवून दिला.

"ब्रायनी, पुरे!" ग्वेंडा अर्धी उठली. "अ‍ॅलेक, ही पढवलेली आहे, हिच्या आईने..."

"मध्ये बोलू नकोस, ग्वेंडा." हे मी नाही म्हटलं. अ‍ॅलेक म्हणाला. पोरीकडेच बघत होता, तिच्या तोंडाकडे, ताटाकडे नाही. "सांग, बाळा."

"मग आत्या म्हणाली, अ‍ॅलेकचं काय घेऊन बसलीस? आधी आईच्या, मग माझ्या, आता बायकोच्या ताटाखालचं मांजर. जरा खडसावलं की म्याव करतो. मग किटली शिटी वाजवायला लागली म्हणून आत्याने फोन ठेवला. चहा केला. मला नाही दिला. हंसांची गोष्ट राहिली. मग आई आली."

मी दचकले. अगं बाई, पुढचंही सांगणार! क्रम चुकवायचा नाही, माझीच शिकवण.

"आईचा गाल सुजला होता. वाटेत मी तिला सगळं सांगितलं. तिने तोंडातलं रक्त थुंकलं आणि म्हणाली, ही भवानी! हिला मी चारचौघांत अशी उघडी पाडीन, की चर्चमध्ये मान वर करायची नाही. आणि तुझा बाप तसाच, ओल्या पावासारखा, उचलला की तुटतो. मग आम्ही बदकं बघितली. संपलं."

ती खाली बसली आणि पाणी प्यायली.

माझे कान तापले होते, पण हसू काही आवरेना. मध्ये बोलायची सोय नव्हती, मीही नियमात बांधलेली. आणि एवढ्या माणसांत, त्याच बाईसमोर, माझी पोर अथपासून इतिपर्यंत बोलली होती!

थ्वेटने हळूहळू रुमालाने तोंड पुसलं. "पढवलेली नाही," तो म्हणाला. "स्कोनचं वाक्य मी माझ्या पाठीमागे एकदा ऐकलंय, ग्वेंडाबाई. तेव्हा वाटलं, चुकून ऐकलं असेल. तो खोकलाही तसाच होता." तो उठला. "कागद मी सोमवारी वाचतो. सगळेच वाचतो. जेवण फार उत्तम, हेझलबाई." ब्रायनीसमोर थांबून त्याने मान झुकवली, मोठ्या माणसासमोर झुकवतात तशी, आणि तो गेला.

अ‍ॅलेकने उठून ग्वेंडाचा कोट आणला आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला. दोन वर्षं पोरीने सोसलं ते याला हलवू शकलं नाही, आणि एका मांजराने हलवलं! पण हलला एकदाचा. "ती शाळेत येणार नाही," तो म्हणाला. "सप्टेंबरात नाही आणि कधीच नाही. आणि नाताळच्या जेवणाला तू दुसरं घर बघ."

आता माझी पाळी होती. दोन वर्षं मी वाक्यं घोटून ठेवली होती, चर्चमध्ये तिच्या मानेमागे बसून. फडक्याबद्दल, फरशीबद्दल, त्या लाल मुकुटाबद्दल. मी श्वास भरून घेतला.

ग्वेंडाने तोंड उघडलं. नेहमीचा खोकला आला आणि पुढे काहीच आलं नाही. पुन्हा उघडलं. ओठ हलले, शब्द निघेना. चेहरा पांढराफटक. माझ्या टेबलाशी ती तशी उभी होती, एक हात खुर्चीवर, आणि आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो.

ब्रायनी खुर्चीवरून उतरली, तिच्याजवळ गेली आणि तिच्या बाहीला हात लावून हळूच म्हणाली, "आत्या, मला माहितीये. असं होतं कधीकधी. तू टेबलाखाली बस. फ्लॉसला सांग. ती मध्ये बोलत नाही."

टोमणा नव्हता हो तो! पोरीने खऱ्या मायेने टेबलक्लॉथचा कोपरा वर धरला होता, आत्याला आत शिरायला. आतून फ्लॉसने तोंड बाहेर काढलं.

ग्वेंडाने त्या काळोख्या जागेकडे बघितलं आणि मग पोरीकडे. तिला त्या क्षणी पियानो आठवला असणार. आठवलाच, मी तिच्या डोळ्यांत बघितलं. माझी घोटलेली वाक्यं मी गिळून टाकली. कोट हातात घेऊन ती गेली, दार लावायचंही तिला सुचलं नाही.

ब्रायनीने टेबलक्लॉथ सारखा केला. "तिला लाज वाटली का?" तिने विचारलं.

"वाटू दे," मी म्हटलं, आणि क्रम्बल काढलं. ग्वेंडाच्या वाटचं मीच खाल्लं, वर दोन डाव कस्टर्ड ओतून.